कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि आपले सरकार



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळाने आम्हालाही चार ओळी लिहिण्यास सांगितले. आम्ही काही साहित्यिक नव्हे. सूतगिरणीत रात्रपाळी करून, दिवसा वाचनालयात बसून जे काही डोक्यात शिरले तीच आमची शिदोरी. परमपूज्य बाबासाहेबांवर या अंकात जाणती मंडळी लिहितीलच. आम्ही त्यांच्या एका सहकाऱ्याविषयी लिहिणार आहोत. त्यांचा फोटो आपल्या विहारात डाव्या भिंतीला लागलेला आहे. धोतर नेसणारा, साधा, शेतकरी दिसणारा माणूस. पोरांना विचारलं तर नाव बरोबर सांगतात, पण त्यापुढे गप्प होतात.

याच माणसाविषयी का लिहावंसं वाटलं ते आधी सांगतो. तालुक्यात गायरान कसणाऱ्या आणि तिथेच झोपडी करून राहणाऱ्या आपल्या काही कुटुंबांना जागा खाली करण्याच्या नोटिसा आल्या. त्यावर विहारात बैठक झाली. तरुण पोरांचं म्हणणं पडलं की नोटिसा चौकात जाळायच्या आणि रस्त्यावर बसायचं. एका निवृत्त गुरुजींनी त्याला विरोध केला. संविधान आपल्या बापाने लिहिलेले आहे, त्या संविधानाने निवडून आलेले सरकार आहे, त्याचा हुकूम आपणच मोडला तर दुसऱ्याने का पाळावा, असा त्यांचा सवाल. रात्री बारापर्यंत वाद चालला. दोन्ही बाजूंनी बाबासाहेबांचेच नाव घेतले जात होते. आम्ही घरी आलो पण झोप लागली नाही. कारण हाच वाद साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आपल्या समाजात झालेला आहे, आणि त्या वादाच्या मधोमध हे धोतर नेसणारे गृहस्थ उभे होते.

कर्मवीर भाऊराव कृष्णाजी गायकवाड ऊर्फ दादासाहेब यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी महार कुटुंबात झाला. महारकी म्हणजे काय हे आता नव्या पिढीला कळणार नाही. वतनाचा एक तुकडा जमीन, आणि त्याच्या बदल्यात सगळ्या गावाची आणि सरकारची चोवीस तास चाकरी. सरकारी टपाल पोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. म्हणजे सरकारचा हुकूम पाळणे हे आपल्या बापजाद्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पिढ्यानपिढ्या त्यांनी दुसरे केलेच काय? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले ते याच गुलामगिरीच्या विरोधात. आज्ञा पाळणे आणि गुलाम असणे यातला फरक दादासाहेबांना पुस्तकातून नाही, घरातून ठाऊक होता.

त्या काळात महाडला एक गोष्ट घडली होती. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावर दुसऱ्यांदा जायचे म्हणून हजारो लोक जमले. जेलमध्ये जाण्याच्या तयारीने आलेले. पण विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणून ठेवला होता. लोक म्हणत होते जायचंच. बाबासाहेबांनी मात्र लोकांना समजावले, हुकमाचा मान राखला आणि तळ्यावर पाणी न घेता मिरवणूक काढून लोक परतले. पुढे दहा वर्षे ते कोर्टात भांडले आणि १९३७ साली हायकोर्टात जिंकले. परक्या इंग्रजाचे कोर्ट, तरीही! हे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो आहोत, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी सत्याग्रह केले त्यांच्यासमोर हा धडा होता.

दादासाहेबांचे नाव सर्वदूर झाले ते नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात. २ मार्च १९३० ला हजारोंची मिरवणूक निघाली, मंदिराचे दरवाजे बंद झाले, आणि मग दरवाजांसमोर बायामाणसं बसली. तो लढा पाचेक वर्षे चालला. बाबासाहेब मुंबईत, कधी लंडनला गोलमेज परिषदेत. इकडे नाशिकात रोजचा गाडा ओढायचा कोणी? स्वयंसेवक गोळा करणे, त्यांच्या भाकरीची सोय, जेलमध्ये गेलेल्यांच्या घरची चौकशी, मार खाल्लेल्यांचा दवाखाना. ही सगळी मेहनत दादासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांनी केली. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, लोकांची डोकी फुटली. पुढे १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून कळवले की आता मंदिरासाठी ताकद खर्च करू नये, शिक्षण आणि राजकारण याकडे वळावे. ज्या माणसाने चार वर्षे त्या दारासमोर घालवली त्याला हे वाचून काय वाटले असेल? पण त्यांनी ते मानले. पुढाऱ्याचा शब्द म्हणून मानले असे कोणी म्हणेल. आमच्या मते त्यांना हिशोब पटला होता.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. शिक्षण बेताचे, इंग्रजी तर जेमतेम. तरी विधिमंडळात प्रश्न कसा विचारायचा, अर्ज कसा लावून धरायचा हे त्यांनी शिकून घेतले. १९४१ मध्ये सरकारने वतनी जमिनीवरील जुडीचा कर वाढवला तेव्हा त्यांच्याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला, बाबासाहेबांनी परिषद घेऊन वाढीव कर न भरण्याची हाक दिली. ते सरकार लोकांनी निवडलेले नव्हते, गव्हर्नरचे होते. या गोष्टीकडे लक्ष ठेवा.

मग स्वातंत्र्य आले, संविधान आले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला एक इशारा दिला. त्याचा आशय असा की, परक्यांच्या राज्यात दुसरा मार्गच नव्हता तेव्हा कायदेभंग, असहकार, सत्याग्रह समजण्यासारखे होते. आता घटनेने सनदशीर मार्ग मोकळे केलेले आहेत, तेव्हा ते जुने मार्ग सोडले पाहिजेत, नाहीतर अराजक येईल. आमचे गुरुजी बैठकीत बोलत होते ते याच भाषणाच्या आधारावर. आणि ते खोटे बोलत नव्हते.

पण भाषण पुरते वाचले पाहिजे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक धोका सांगितला होता. राजकारणात प्रत्येकाला एक मत मिळेल, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहील. ही विसंगती फार दिवस चालू दिली तर ज्यांना तिचा चटका बसतो तेच लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील. म्हणजे लोकांना कायदा पाळायला सांगितले, आणि सरकारलाही त्याचा हप्ता भरायला सांगितला. आपल्याकडे पहिला अर्धा भाग सांगणारे पुष्कळ भेटतात.

त्या हप्त्याचे काय झाले? आपल्या खानदेशचेच पाहा. काळी कसदार जमीन, तापीचे पाणी, केळीचे मळे. पण आपल्या माणसाच्या नावावर त्यातले काय होते? सालदारकी. पाडव्याला साल ठरायचे आणि वर्षभर माणूस मालकाच्या खळ्यात. आमचे आजोबा असेच सालदार होते. दुसरीकडे गावोगाव सरकारी पड आणि गायरान जमीन होती, ती भूमिहीनांना वाटावी असे सगळेच म्हणत होते. म्हणणे कागदावर राहिले. बाबासाहेब हयात असतानाच, १९५३ साली, मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला होता. १९४९ च्या भाषणानंतरचा हा सत्याग्रह आहे, हे गुरुजींनी ध्यानात घ्यावे अशी नम्र विनंती.

१९५६ साली धम्मदीक्षा झाली आणि त्याच डिसेंबरात आपला सूर्य मावळला. समाज पोरका झाला. १९५७ च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात, दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. आता ते स्वतःच सरकार नावाच्या यंत्राच्या आत बसलेले होते. कायदे करणाऱ्या सभेचे सभासद. आणि याच सभासदाने १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. आपला खानदेश, नाशिक, मराठवाडा या भागांत लोक सरकारी पडीत शिरले, नांगर धरला, आणि पकडले गेले. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, द्विभाषिक मुंबई राज्याचे. जातीने आपले नव्हते तरी सरकार लोकांनीच निवडलेले होते.

आमचे आजोबा त्यात होते. त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेले थोडे सांगतो. जाण्याच्या आदल्या रात्री गावच्या कार्यकर्त्यांनी सगळ्यांना बसवून सूचना दिल्या. कोणाच्या उभ्या पिकात पाय टाकायचा नाही. शेतकऱ्यावर हात उचलायचा नाही, त्याने शिवी दिली तरी. पोलीस आले की पळायचं नाही, नाव विचारलं की खरं नाव आणि बापाचं नाव सांगायचं. आजोबा सोबत फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून गेले होते. त्यांना हसू यायचं ते याचं की, नांगर पुरता एक तासही चालला नव्हता आणि पोलीस आले. भाकरी गाडीत बसून खाल्ली, पोलिसालाही दिली. जन्मभर ज्याने खरे नाव सांगायची हिंमत केली नव्हती, ज्याला गावाने कधी बापाच्या नावाने हाक मारली नव्हती, त्याने त्या दिवशी कचेरीत पूर्ण नाव लिहवून घेतले. जमीन मात्र मिळाली नाही. शिक्षा भोगून आले आणि पुन्हा सालदार झाले. आमचे वडील म्हणूनच गिरणीत गेले, आणि आम्हीही.

आता वादाकडे येऊ. दादासाहेबांचा हा मार्ग समाजात सगळ्यांना पटला नाही. ॲड. बी. सी. कांबळे आणि शिकलेल्या मंडळींचा एक गट बाजूला झाला. पक्ष फुटला, एकाला दुरुस्त म्हणू लागले, दुसऱ्याला नादुरुस्त. कांबळेसाहेबांच्या बाजूचे म्हणणे असे होते की बाबासाहेबांची वाट घटनेची आहे, जमिनीत घुसणे ही कम्युनिस्टांची वाट आहे. लोकांनी मग त्यावर धोतरवाले आणि सुटाबुटातले अशी थट्टाही केली. आम्ही दादासाहेबांच्या बाजूचे आहोत हे वाचकांनी ओळखलेच असेल. तरी सांगतो, कांबळेसाहेबांची भीती अगदीच फोल नव्हती. आज आपण पाडीत शिरलो, उद्या दांडगे शिरतील आणि आपल्याला हुसकतील. कायदा कमजोर झाला की आधी गरीब मरतो. गावात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गायरानांवर आज मोठमोठी अतिक्रमणे कोणाची आहेत ते कोणत्याही गावात जाऊन पाहावे.

मग दादासाहेबांनी काय केले की ज्यामुळे ते अराजक झाले नाही? आमच्या बुद्धीप्रमाणे सांगतो. त्यांनी आधी मागितले. अर्ज, निवेदने, लोकसभेत भाषणे. नाही मिळाले तेव्हा सांगून, दिवसाढवळ्या, एकच कायदा मोडला, तोही सरकारच्याच मालकीच्या पडीत शिरण्यापुरता. बाकीचे सगळे कायदे पाळले. अटक झाली तर ती नाकारली नाही, शिक्षा झाली तर ती भोगली. निवडणूक हरली तर घरी बसून पुढच्या निवडणुकीची तयारी केली. सरकार आपले वैरी आहे असे त्यांनी कधी धरले नाही. ते त्याला देणेकरी समजत होते. देणेकऱ्याच्या दारात माणूस बसतो, त्याचे घर जाळत नाही.

याचा सर्वात मोठा नमुना पाच वर्षांनी दिसला. दादासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. १९६४ साली दिल्लीत मोठा मोर्चा गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले गेले. कसेल त्याला पडीक जमीन, शेतमजुराला किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र. आधी निवेदन आणि मगच, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून, म्हणजे ६ डिसेंबर १९६४ पासून, देशभर सत्याग्रह. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली असे चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. बाया कडेवर लेकरे घेऊन जेलात गेल्या. तुरुंग अपुरे पडले. एवढी माणसे एका हाकेवर निघाली आणि, नीट ऐका, एका हाकेवर थांबली. सरकारने बोलणी करून काही मागण्या मान्य केल्या तेव्हा १९६५ च्या सुरुवातीला लढा मागे घेतला गेला. गिरणीच्या संपात आम्ही पाहिले आहे, संप सुरू करणारे पुढारी पुष्कळ असतात, वेळेवर मागे घेणारा मिळत नाही.

मिळाले किती? खरे सांगायचे तर मागितले त्याच्या मानाने थोडे. काही ठिकाणी पड वाटली गेली. महाराष्ट्रात १९६१ साली जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. महारांसारख्यांची कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली होती. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ साली उभा राहिला, मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागायला मात्र १९९० साल उजाडले. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी. तोवर दादासाहेब राहिले नव्हते.

त्यांच्या शेवटच्या वर्षांबद्दल लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी युती केली. ज्यांच्या राज्यात आमचे आजोबा आत गेले त्याच यशवंतरावांशी हातमिळवणी! पुष्कळ कार्यकर्त्यांची मने तुटली, पक्ष आणखी खिळखिळा झाला. आमचे आजोबा त्या विषयावर बोलत नसत. आम्हाला वाटते, देणेकऱ्याशी भांडता भांडता त्याच्या ओटीवर बसण्याची सवय लागली असावी. १९६८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

गंमत पुढेच आहे. २००४ साली महाराष्ट्र सरकारने भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना काढली आणि तिला नाव दिले कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. ज्याने सरकारी जमिनीत शिरण्याचा गुन्हा केला त्याच्याच नावाने सरकार जमीन देते! (आपल्या केळीच्या पट्ट्यात सरकारी भावाने दोन एकर बागायत विकायला कोणता मालक तयार होईल, हा प्रश्न निराळा.) आणि १९७६ साली घटनेत मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यात पहिले कर्तव्य संविधानाचे पालन करणे असे आहे. सरकारचे पालन करणे असे लिहिलेले नाही. गुरुजी आणि पोरे, दोघांनीही हे कलम ५१-क काढून वाचावे.

बैठकीचे पुढे काय झाले ते सांगून लेख आटोपता घेतो. दुसऱ्या रविवारी आम्ही हेच सगळे, इतके नीट नव्हे पण असेच, विहारात सांगितले. मग नोटीस जाळायची नाही असे ठरले. जागाही सोडायची नाही असेही ठरले. आधी कागद पाहायचे. शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे, त्याने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे अटी घालून नियमित करायची होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गायराने मोकळी करायला सांगितले, पण त्यातही शासनाच्या निर्णयाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. दार बंद नाही तोवर दादासाहेबांनीही आधी कडीच वाजवली होती.

पुरावा पाहिजे होता की आपली माणसे १९९० च्या आधीपासून तिथे कसत आहेत. सातबारावर नावे कुठून असणार? शेवटी एका म्हाताऱ्या आईने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या काढल्या. तलाठ्याने अतिक्रमणाचा दंड केला होता त्याच्या त्या पावत्या, १९८० च्या दशकातल्या, नवऱ्याच्या नावाने, गट नंबरासह. दर साली दंड झाला, दर साली त्याने तो भरला आणि पावती जपून ठेवली. वकिलांनी त्या पाहिल्या आणि चष्मा काढून पुसला. सरकारच्या नोंदवहीतला हाच सगळ्यात जुना पुरावा निघाला.

ज्या पोराला नोटीस जाळायची होती त्यानेच स्टेशनजवळ जाऊन सगळ्या पावत्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून आणल्या. अपील मुदतीत दाखल झाले आहे. पहिल्या तारखेला विहारातून एक छोटा टेम्पो गेला होता, पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी आमची रात्रपाळी आहे, तरी आम्ही जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी आठ वाजता विहारासमोर जमावे, आणि भाकरी सोबत बांधून आणावी.